दूध आलं होतं का?

झीपार लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा तिच्याइतकी चपळ पोरगी नारीनच्या डोंगरांतल्या आमच्या गावात दुसरी नव्हती. जावेनंच हे म्हणावं म्हणजे त्यात काहीतरी तथ्य असणार. घोडीचं दूध काढायला भल्याभल्या बायका कचरतात. ही एका गुडघ्यावर बसायची, बादली मांडीवर तोलायची आणि घोडीला ऐकू जाईल असं काहीतरी पुटपुटायची की घोडी दगडासारखी उभी. लोकरीचा नमदा लाटायला ती रांगेत असली की बाकीच्यांना धाप लागायची. बोलणं भराभर, हसणं मोठ्यानं. आमच्या सासूबाईंना, उर्कुया आपांना, ते हसणं खपायचं नाही. "दात मोजायला बोलावलंयस का लोकांना?" म्हणायच्या.

आपांना दोन मुलगे. थोरला माझा नवरा एसेन, धाकटा तिलेक. आमच्याकडे धाकट्यानं आईबापांच्या घरात राहायचं, म्हणून झीपार आपांच्या हाताखाली आणि मी कुंपणापलीकडच्या घरात. मला वेगळं राहायला मिळालं याचा मला किती आनंद होता ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

आम्ही दोघी एकाच हिवाळ्यात गरोदर होतो. माझी मीरीम आधी झाली. ओढ्यावरचा बर्फ फुटायला लागला तेव्हा झीपारचे दिवस भरले. पोरगी सुखरूप आली, पण वार पडल्यावर रक्त थांबेना. तालुक्याच्या प्रसूतिगृहातल्या बायांनी हात जोडायचेच काय ते बाकी ठेवले होते. तिलेकनं गावातून माणसं गोळा करून नेली, ज्याचं रक्त जुळलं त्याचं घेतलं. एकदा तर डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बोलावलं, बायकोला बघून घे म्हणून. तो सांगतो, तिचे ओठ आणि उशीचा अभ्रा एकाच रंगाचे होते.

पण वाचली. आम्ही सगळ्यांनी देवाचे आभार मानले आणि संकट टळलं असं धरून चाललो.

घरी आणल्यावर आपांनी मेंढी कापली. शेपटाच्या चरबीचा गरम रस्सा, शोर्पो, दूध घातलेला चहा, वाडग्यामागून वाडगे तिच्या तोंडाशी धरले. तेवढं मी आपांच्या बाजूनं सांगेनच, तेव्हा त्यांनी काही कमी केलं नाही. पण झीपारला पान्हा फुटेना. ओल्या बाळंतिणीची छाती कशी दाटते, ठणकते. हिची मऊच्या मऊ. पोरगी ओढून ओढून थकायची आणि लाल होऊन रडायची.

"एजे," मला ताई म्हणून हाक मारत एक दिवस झीपार म्हणाली, "तुझं उरतंय ना? घे हिला."

मी घेतलं. एका बाजूला मीरीम, दुसऱ्या बाजूला आयदाय. माझं दूध प्यायल्यामुळे दोघी दूधबहिणी झाल्या आणि मी आयदायची दूधआई. गावात याचं कुणाला नवल वाटलं नाही. बाळंतिणीचं दूध आटलं तर जाऊ नाहीतर शेजारीण पाजते, हे चालत आलेलंच आहे.

झीपार मात्र त्या अंथरुणातून नीट उठलीच नाही. म्हणजे उठली, कामाला लागली, पण जी उठली ती वेगळीच बाई होती. सकाळी गाईखाली बसली की बसूनच राहायची. गोवऱ्या रचायला गेली की अर्ध्यात भिंतीला टेकायची. बोलणं सावकाश झालं, जणू एकेक शब्द विहिरीतून ओढून काढतेय. आणि थंडी! भर उन्हाळ्यात आम्ही बाह्या सरसावून लोकर पिंजतोय आणि ही लोकरीचं जाकीट घालून चुलीजवळ. भुवयांची बाहेरची टोकं झडली. चेहरा फिकट, थोडा सुजल्यासारखा, मेणाच्या बाहुलीसारखा गुळगुळीत. हमामात आम्ही बायका एकत्र जायचो, तेव्हा मी पाहिलं, काखेतसुद्धा केस उरला नव्हता. मी मनात म्हटलं, अशक्तपणा आहे.

पाळीही परत आली नाही. पहिलं वर्ष आम्ही म्हटलं, अंगात रक्तच नाही तर जाणार कुठून. दुसऱ्या वर्षी आपा नातवाची वाट बघायला लागल्या. तिसऱ्या वर्षी बोलायला लागल्या.

"रात्रभर झोपते, दिवसा डुलते. मी सून आणली का मांजर?"

"आपा, तिला बरं नाही," मी म्हणायचे.

"काय होतंय तिला? ताप आहे? खोकला आहे? कुठं दुखतंय? विचार की तिलाच!"

आणि विचारलं की झीपार सांगायची, "दुखत काही नाही, आपा." ते खरंच होतं. तिचं कुठेच काही दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं.

एकदा तिलेकच्या मामांकडची माणसं पाहुणी आली होती. सुनेनं समोवारजवळ बसून चहा ओतायचा, पेला रिकामा झाला की हात पुढे करून घ्यायचा. झीपार बसली होती. मामा बोलता बोलता पेला पुढे करून थांबले. थांबलेच. आम्ही वळून बघतो तर ही बसल्या जागी झोपली होती, हातात भरलेला पेला, आणि चहा हळूहळू तिच्या झग्यावर सांडत होता. गरम चहा! तरी जाग नाही. मामी हसून म्हणाल्या, "अगं बाई, सून फारच दमलेली दिसतेय, सासू कामाला जुंपते वाटतं." आपांचा चेहरा असा झाला की मी पटकन उठून समोवारजवळ जाऊन बसले.

त्या दिवसापासून आपांनी तिला नाव घेऊन हाक मारायचं सोडलं. "ती" म्हणायच्या. "तिला सांग, गाय आत घ्यायचीय."

उपाय केले नाहीत असं नाही. आपा तिला डोंगरातल्या झऱ्यावर घेऊन गेल्या, झुडपाला चिंध्या बांधल्या. एका वैदूनं मेंढीच्या ताज्या कातड्यात गुंडाळून ठेवलं. झीपार म्हणाली, तेवढा एकच दिवस ऊब वाटली. एका दवाखान्यात रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या ठिकाणी बाई म्हणाल्या, काहींची पाळी लवकर जाते, तुमचीही गेली असेल. तेव्हा झीपार सत्तावीस वर्षांची होती.

आयदाय या सगळ्यात माझ्याच अंगणात वाढली. दूध सुटलं तरी ती सुटली नाही. माझ्या पोरींच्या पंगतीत जेवायची, त्यांच्यातच झोपायची. मला "आपा", म्हणजे आई, म्हणायची आणि स्वतःच्या आईला, माझं ऐकून ऐकून, "झीपार". झीपार कुंपणाशी येऊन उभी राहायची, पोरींचा खेळ बघायची. तिच्या चेहऱ्यावर दुःखही दिसायचं नाही. मला वाटायचं, हिला काही वाटतच नाही की काय.

मग एका वसंतात दवाखान्यात एक फिरते डॉक्टर आले. त्यांनी तिचा सुजलेला चेहरा पाहिला, नाडी पाहिली, गळ्याला हात लावला आणि म्हणाले, गलग्रंथीचं, म्हणजे थायरॉईडचं दुखणं आहे, आपल्या डोंगरात घरोघरी असतं. त्यांनी गोळ्या दिल्या. आम्हाला हायसं वाटलं. दुखण्याला एक नाव तरी मिळालं. आम्ही जायलूवर निघालो, सोन-कोलच्या उन्हाळी कुरणावर, आणि झीपार सोबत गोळ्या घेऊन. पहिल्या आठवड्यात ती जरा तरतरीत झाली. आपासुद्धा म्हणाल्या, "बघू या."

पण नंतर ती उलट खचायला लागली. उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. अन्नाचा वास नको. तरी ती गोळ्या नेमानं घेत होती, कारण त्यांनी बरं वाटणार असं तिला सांगितलेलं. एका दुपारी घोड्या दुहायच्या वेळी ती बादली घेऊन निघाली आणि तंबूपासून थोड्या अंतरावर गवतात बसली, मग आडवी झाली. मी धावले. अंग थंडगार, घामानं ओलं. ओठ हलत होते, पण शब्द नाही. काल दोनदा ओकली होती, ते मला आधीच कळलं असतं तर.

तिलेकनं गाडी काढली. मी मागच्या बाकावर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. आपांनी खिडकीतून स्वतःचा फरचा कोट आत टाकला आणि मागे सरल्या. डोलोनच्या घाटात मी तिच्या तोंडात साखर घातलेला चहा चमच्यानं सोडत होते. तिलेक फक्त एकदा म्हणाला, "एजे, श्वास चालू आहे ना?"

नारीनच्या इस्पितळात सलाईन लावलं, साखर चढवली. थोड्या वेळानं एक बाई आल्या. साठीच्या, ठेंगण्या, केस आखूड, चष्मा दोरीनं गळ्यात. राखिमा तोकोयेव्ना. ग्रंथींच्या डॉक्टर. त्यांनी झीपारच्या भुवयांवरून अंगठा फिरवला, बाही वर करून काख पाहिली, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही कोण?"

"थोरली जाऊ."

"मूल आहे हिला?"

"एक मुलगी. आठ वर्षांची."

"बाळंतपणात रक्त गेलं होतं?"

"खूप. जवळजवळ गेलीच होती."

"नंतर पाळी आली?"

"नाही. कधीच नाही."

"आणि दूध? दूध आलं होतं का?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत, इतक्या दवाखान्यांत, कुणी हे विचारलं नव्हतं, आणि आम्हालाही कधी सांगावंसं वाटलं नव्हतं. दूध न येणं हे काय दुखणं असतं?

"नाही आलं," मी म्हटलं. "थेंबसुद्धा नाही. मी पाजलं पोरीला."

राखिमा तोकोयेव्नांनी मान हलवली. नर्सला एक इंजेक्शन सांगितलं, आणि गलग्रंथीच्या गोळ्यांची पाकिटं माझ्या हातातून काढून घेतली. "या तूर्त बंद. या गोळ्या चुकीच्या नाहीत, पण त्यांचा नंबर नंतरचा आहे. आधी दुसरं काहीतरी द्यायला हवं होतं."

रक्त तपासायला दिलं, पण उत्तराची वाट न बघता त्यांनी औषध सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्चीत डुलक्या घेत होते, तर आवाज आला, "एजे."

झीपारचे डोळे उघडे होते. नुसते उघडे नव्हते, बघत होते.

"काय गं?"

"मला भूक लागलीय."

मी आधी हसले आणि मग डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडावर घेऊन बाहेर पडले. त्या बाईला भूक लागल्याचं मी वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं. खालच्या खानावळीतून मांस भरून वाफवलेल्या मंती आणल्या. तिनं सगळ्या संपवल्या आणि बोटं चाटली.

तिसऱ्या दिवशी आपा आल्या, एका ट्रकमधून, उकडलेल्या मांसाचं गाठोडं आणि घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कुमिसची पिशवी घेऊन. राखिमा तोकोयेव्ना तेव्हाच खोलीत होत्या. त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवलं, तिलेकला दार लावायला सांगितलं आणि साध्या भाषेत समजावलं.

"डोक्यात, नाकाच्या मुळामागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. बाकीच्या सगळ्या ग्रंथींना ती कामाला लावते. गरोदरपणात ती फुगते, तिला जास्त रक्त लागतं. हिचं बाळंतपणात इतकं रक्त गेलं की त्या ग्रंथीपर्यंत पोचलंच नाही, आणि ती सुकली. म्हणून दूध आलं नाही. म्हणून पाळी गेली. अंगात ऊब राहिली नाही, ताकद राहिली नाही, आजारपण आलं तर तोंड द्यायला अंगात काही उरलं नाही. गलग्रंथीच्या गोळ्यांनी अंगाला पळायला लावलं, पण पळायचं बळ कुठं होतं? म्हणून कोसळली."

"बरी होईल?" तिलेकनं विचारलं.

"ती ग्रंथी परत यायची नाही. पण ती जे करायची ते गोळ्यांनी करता येतं. एक गोळी सकाळी आणि अर्धी दुपारी, जन्मभर. काही दिवसांनी गलग्रंथीची पुन्हा सुरू करू, थोडी थोडी. मग पाळीची. ताप आला, मार लागला, तर पहिली गोळी दुप्पट. ओकारी होत असेल तर थेट इंजेक्शन. ती पहिली गोळी मात्र एक दिवसही चुकवायची नाही. जायलूवर असा, लग्नात असा, कुठंही."

आपा इतका वेळ ऐकत होत्या. गाठोड्याची गाठ हातात धरून. मग म्हणाल्या, "म्हणजे ती आळशी नव्हती?"

"आळशी?" राखिमा तोकोयेव्ना म्हणाल्या. "आपा, हिच्या जागी घोडा असता तर पहिल्या वर्षीच बसला असता."

"घोडा असता तर मी ओळखलं असतं," आपा म्हणाल्या.

आपांनी गाठोडं सोडलं, मांसाचा सगळ्यात चांगला तुकडा, पाहुण्यांतल्या मानाच्या माणसाला देतात तो, सुरीनं कापला आणि झीपारच्या हातात ठेवला. "खा, झीपार," म्हणाल्या. नाव घेऊन.

त्यापुढे एवढंच. आमच्या आपा माफी मागणाऱ्या नव्हत्या. पण जायलूवर परतल्यावर त्यांनी कपड्याची एक छोटी पिशवी शिवली, तीत जास्तीच्या गोळ्या भरल्या आणि स्वतःच्या गळ्यात घातली. सकाळी चहाआधी झीपारसमोर उभ्या राहायच्या, "गिळ." गिळल्याशिवाय हलायच्या नाहीत. एकदा तर पाहुण्यांसमोर तिला जीभ बाहेर काढायला लावली.

झीपार बदलत गेली, रोज थोडी. आधी जाकीट उतरलं. मग बोलणं भरभर झालं. शरद ऋतूत गलग्रंथीची गोळी पूर्ण मात्रेला पोचली तेव्हा चेहऱ्याची सूज उतरली आणि तिच्या गालांची हाडं आम्हाला पुन्हा दिसली. पाळीची औषधं सुरू झाल्यावर एक दिवस ती कुंपणावरून मला हाक मारायला लागली, "एजे! एजे, इकडे ये!" मी घाबरून धावले. ती लाजली, हसली आणि माझ्या कानात सांगितलं. आम्ही दोघी गोठ्यामागे उभ्या राहून शाळकरी पोरींसारख्या हसलो.

पण तिच्याबरोबर आणखीही काही जागं झालं. "एजे," ती एकदा लोकर पिंजता पिंजता म्हणाली, "आयदाय चालायला कधी लागली?"

"का गं?"

"मला आठवत नाही. तिचा पहिला दात आठवत नाही. शाळेचा पहिला दिवस आठवत नाही. मी तिथंच होते ना?"

"होतीस."

"मग मला का नाही ठाऊक?" तिच्या हातातली काडी थांबली होती. मग ती रडली. आठ वर्षांत पहिल्यांदा मी तिला रडताना पाहिलं.

मी तिला सगळं सांगितलं. चालायला लागली ती माझ्या गाईची शेपटी धरून. दात आला तेव्हा मला चावून कळवलं. सांगताना माझ्या आवाजात थोडी मालकी आली असणार, कारण झीपार खाली मान घालून ऐकत होती.

ती आयदायला ओढून घेऊन गेली नाही. तिला तो हक्क होता, आणि तिनं तो वापरला असता तर मी काही बोलू शकले नसते. ती रोज सकाळी शाळेआधी आमच्याकडे यायची, फणी घेऊन. आयदाय मानेला झटके द्यायची. "झीपार, दुखतंय! आपाला घालू दे वेणी." मी चुलीपाशी पाठ करून उभी राहायचे. खरं सांगते, पोरगी माझं नाव घ्यायची तेव्हा मला बरंही वाटायचं आणि वाईटही.

वेण्या वाकड्या यायच्या. महिनाभर वाकड्याच. मग झीपारनं फणी ठेवली आणि तिला घोड्यावर बसवलं. आमच्या पोरींना एसेन शिकवायचा, पण झीपार शिकवायची तशी नाही. ओढ्याच्या काठानं दोघी एकाच घोड्यावर निघायच्या, आई मागे, पोर पुढे, आणि परत यायच्या तेव्हा दोघींचे गाल वाऱ्यानं तडकलेले. एका संध्याकाळी आयदाय माझ्याकडे जेवायला आली नाही. मी तिचं ताट मांडलं होतं. मीरीम म्हणाली, "ती तिकडेच जेवतेय." मी ताट उचललं, भांड्यात परत ओतलं. त्या जेवणाची चव मला लागली नाही, पण कुणाला सांगायची गोष्ट नव्हती ती.

आपांच्या डोक्यात मात्र नातू होता. राखिमा तोकोयेव्नांनी तपासणीच्या वेळी सांगितलं होतं की पुन्हा मूल हवं असेल तर राजधानीत, बिश्केकला इंजेक्शनं घेऊन प्रयत्न करता येतो, लांबचा रस्ता आहे, खात्री नाही. आपांनी त्यातला "प्रयत्न करता येतो" एवढाच भाग ऐकला.

"हिवाळ्यात जा," त्या चहा पिताना म्हणाल्या. "गाय मी बघते."

झीपारनं त्यांचा पेला भरला, दोन हातांनी पुढे केला. "नाही, आपा."

"काय नाही?"

"आत्ता नाही. आधी ही एक मुलगी मला ओळखीची होऊ दे. आत्ता कुठं भेटलीय मला. पुढं वाटलं तर मी आणि तिलेक ठरवू."

तिलेक मान खाली घालून तळलेल्या पिठाचे बोरसोक चहात बुडवत होता. पण आपांनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो म्हणाला, "ती म्हणते तसं."

आपा माझ्याकडे वळल्या. "बघितलंस? आजारी होती तेव्हा निदान उलटून बोलत नव्हती."

"मग गोळ्या बंद करू का?" झीपार म्हणाली आणि मोठ्यानं हसली, पूर्वीसारखी, दात दाखवून.

आपांनी गळ्यातल्या पिशवीला हात लावला, जणू कुणी ती हिसकावून घेणार होतं. "तोंड बंद कर मेले," म्हणाल्या, "आणि चहा घाल."

ते बिश्केकला कधी गेले नाहीत. दोन वर्षांनी एकदा जायचं ठरत होतं, पण मग झीपारनं दूधसंघात काम धरलं, आणि त्या दोघांनी तो विषय हळूच बाजूला ठेवला. झीपारला कधी कधी त्याचं वाईट वाटतं. दुसऱ्यांची तान्ही मुलं हातात घेते तेव्हा ती जरा जास्त वेळ धरून ठेवते. आपा गेल्या वसंतात वारल्या. आयदाय आता पंधरा वर्षांची आहे. तिलेकपेक्षा बरी घोडेस्वार आहे आणि आईला "आपा" म्हणते. मला, माझं नाव जोडून, "आपा बुरुल" म्हणते. सणाच्या दिवशी ती आधी तिकडे जाते आणि मग इकडे येते, आणि आली की विचारण्याआधीच माझ्या भांड्यातलं खायला लागते.